दमा : दडवण्याचा नव्हे, आवरण्याचा आजार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त कोलकात्यातील न्यू टाउन येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी माणूस दम धरतो, दम खातो, एका दमात जिना चढतो आणि दमछाक झाली की क्षणभर टेकतो. फारसीतून आलेल्या ‘दम’ या शब्दाचा अर्थ श्वास. ‘दमा’ हे व्याधीचे नाव त्यावरूनच आले. बंगालीत याच व्याधीला ‘हाँपानी’ म्हणतात. तेही धापा टाकण्यावरूनच. ग्रीक ‘अस्थमा’ शब्दाच्या मुळाशीही धापच आहे. चरकसंहितेत ‘तमक श्वास’ या नावाने जे वर्णन आले आहे, ते आजच्या रुग्णालाही ओळखीचे वाटेल : रुग्णाला आडवे पडवत नाही, उठून बसले की बरे वाटते, ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो.

इतक्या भाषांत इतकी जुनी नावे असलेल्या या आजाराचे नाव घरात मात्र सहसा घेतले जात नाही. ‘कफप्रकृती आहे’, ‘थंडी सोसत नाही’, ‘ॲलर्जीचा खोकला आहे’, ‘वयाबरोबर जाईल’ अशी सौम्य नावे शोधली जातात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या काळजीने आजार अधिकच झाकला जातो. आजच्या विषयाचे सार एवढेच, की दम्याचे औषध उपलब्ध आहे, पण न उच्चारलेल्या नावापाशी ते पोहोचत नाही.

किती जणांना हा आजार आहे? जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे २६ कोटी लोकांना दमा आहे, त्यांपैकी सुमारे ३ कोटी ४३ लाख भारतात. म्हणजे जगातील दर आठ रुग्णांमागे साधारण एक भारतीय. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब मांडला की चित्र पालटते. त्या वर्षी जगात दम्याने साडेचार लाखांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक भारतातील होती. रुग्ण आठातला एक आणि मृत्यू पाचातले दोन! आजार एकच असताना येथे तो अधिक प्राण का घेतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतीय पाहणीत सापडते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत देशातील नऊ केंद्रे होती. त्यांत पुणे होते आणि कोलकाताही होते. सहा-सात वर्षांची मुले, तेरा-चौदा वर्षांचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मिळून सव्वा लाखाहून अधिक व्यक्तींची माहिती शाळांच्या मार्फत गोळा झाली. मागील बारा महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आल्याचे प्रमाण तिन्ही गटांत तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान निघाले. साठ मुलांच्या वर्गात असे दोन विद्यार्थी असणारच, असा याचा व्यवहारातला अर्थ. परंतु पाहणीतील गंभीर निष्कर्ष पुढचाच आहे. असा आवाज येणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचे निदान सांगितले गेलेलेच नव्हते. ज्यांची लक्षणे तीव्र होती, त्यांच्यातही ७० टक्के निदानाविना होते. शिट्टीचा त्रास असलेल्यांत रोज श्वासावाटे स्टिरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. निदान झालेल्यांत ते प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास गेले. नाव उच्चारले गेल्याने औषधापर्यंतचा रस्ता थोडा तरी खुला होतो, हे या आकड्यांतून दिसते; आणि निदान झाल्यावरही दहातले नऊ रुग्ण आवश्यक औषधाविना राहतात, हेही दिसते.

आजाराचे स्वरूप समजले की उपचारामागचा विचारही समजतो. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत जातात. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांच्या आतील अस्तराला कायम सूज असते. बरे वाटत असतानाही ती थोडीफार असतेच. अशा सुजलेल्या, हळव्या नलिकांना धूळ, धूर, परागकण, सर्दीचा विषाणू किंवा थंड हवा लागली की त्यांच्या भोवतीचे स्नायू आकुंचन पावतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण जाते. म्हणून श्वास सोडताना शिट्टी वाजते. त्रास येतो आणि जातो, पहाटेच्या सुमारास वाढतो, धावल्यावर किंवा खळखळून हसल्यावर खोकला लागतो. या ये-जा करण्यामुळेच घरची मंडळी फसतात. आकुंचन सुटले की मूल खेळू लागते आणि आजार गेला असे वाटते. सूज मात्र तशीच राहते.

हा आजार कोणाला होतो, याचे एकच कारण सांगता येत नाही. आई किंवा वडिलांना दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा इसब असेल तर मुलात त्याचा संभव वाढतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गरोदरपणी आईच्या श्वासात गेलेला तंबाखूचा धूर, अगदी लहानपणी झालेले विषाणूंचे तीव्र श्वसनविकार आणि लठ्ठपणा ही आणखी कारणे. गव्हाचे पीठ, कापसाची धूळ, रंग व फोममधील काही रसायने यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या प्रौढांना व्यवसायातूनही दमा होतो. पिठाच्या गिरणीत किंवा बेकरीत काम करणाऱ्याचा खोकला सुटीच्या दिवशी कमी होत असेल, तर ती बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी : दमा संसर्गजन्य नाही. ताट-वाटी, अंथरूण किंवा वर्गातील बाक वेगळा करण्याचे काहीही कारण नाही.

आता न्यू टाउनकडे वळू. राजारहाटची भातखाचरे आणि मत्स्यतळी यांच्या जागी हे नगर उभे राहिले. त्याच्या नियोजनासाठी ‘हिडको’ची स्थापना १९९९ मध्ये झाली. रुंद रस्ते, २०१२ मध्ये खुले झालेले इको पार्क, माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आणि शेजारी साडेबारा हजार हेक्टरांवर पसरलेला पूर्व कोलकात्याचा पाणथळ प्रदेश, ज्याला २००२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुण्या-मुंबईकडून येथे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाला वाटते, की जुन्या शहराच्या कोंदट गल्ल्यांपेक्षा येथे मुलांचा श्वास मोकळा राहील. तरीही पहिल्याच हिवाळ्यात मुलाचा खोकला सुरू होतो, आणि घरात चर्चा होते ती ‘पाणी बदलल्याची’.

बदललेली असते ती हवा. आणि ती एका बाजूने नव्हे, अनेक बाजूंनी. येथे दमट हवामान वर्षातील बराच काळ टिकते. अशा दमटपणात गाद्या, उशा आणि पडदे यांत डोळ्यांना न दिसणारे घरधुळीतील माइट वाढतात. घरातील धूळ ॲलर्जी का आणते, याचे कोडे १९६०च्या दशकात हॉलंडमधील लेडन येथील संशोधकांनी सोडवले, ते या जिवाचा शोध घेऊनच. भिंतींच्या ओलीवर बुरशी येते. झुरळांच्या विष्ठेतील व अंगावरील कण हेही ॲलर्जीचे मोठे कारण आहे. शहराच्या हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू यांचा अभ्यास जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संस्थेतील शास्त्रज्ञ कित्येक वर्षे करीत आले आहेत. बंगालच्या दारोदारी दिसणाऱ्या नारळाच्या परागाचीही त्यांत नोंद आहे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि वाहने, बांधकामे व जळता कचरा यांचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. नवे नगर म्हणजे सतत चालणारे बांधकाम, आणि बांधकाम म्हणजे धूळ.

घराच्या आतला धूर तर माणूस स्वतःच पेटवतो. संध्याकाळच्या धुनोचा किंवा ऊद-धुपाचा सुगंध, उदबत्ती, कालीपूजा-दिवाळीचे फटाके आणि डास मारणारी वेटोळी अगरबत्ती यांचा त्यात वाटा असतो. डासांची एक अगरबत्ती जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. दारे-खिडक्या बंद करून, ती मुलाच्या उशाशी रात्रभर जाळली जाते. मच्छरदाणी हा तिच्यावरचा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित पर्याय आहे. गावाकडे चुलीपाशी बसणाऱ्या आजीची धापही याच धुराच्या हिशेबात धरायला हवी.

हवेचा मुलांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, याचा एक मोठा अभ्यास कोलकात्यातीलच संस्थेने केला आहे. चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, जिचा दुसरा परिसर २०२२ मध्ये न्यू टाउनमध्येच सुरू झाला, दिल्लीतील ३६ शाळांमधील अकरा हजारांहून अधिक विद्यार्थी तपासले. त्यांपैकी ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण भागातील मुलांत हेच प्रमाण २५.७ टक्के होते. उलट बाजूचा दिलासा अमेरिकेतील लॉस एंजलिस परिसरातून येतो. तेथे दोन दशकांत हवा स्वच्छ होत गेली, तसतसे पंधरा वर्षांच्या मुलांत दुबळ्या फुप्फुसांचे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. स्वच्छ हवेचा लाभ एका पिढीच्या अवधीतच दिसतो.

पण शहराची हवा सुधारेपर्यंत घरातील मुलाने थांबून राहायचे का? नाही, आणि येथेच उपचाराचा विषय येतो. पहिली पायरी निदानाची. लक्षणांचा नीट इतिहास हे निदानाचे मुख्य साधन आहे. पाच-सहा वर्षांपुढील मुलाची स्पायरोमेट्री करता येते : नळीत जोराने फुंकायचे, श्वासनलिका रुंदावणारे औषध घ्यायचे आणि पुन्हा फुंकायचे. औषधानंतर फुंकर लक्षणीय सुधारली, तर दम्याच्या शंकेला बळकटी येते. घरी वापरता येणारे पीक फ्लो मीटर हे छोटे, स्वस्त साधन त्रास वाढण्याची सूचना आधीच देऊ शकते. क्ष-किरण चित्र स्वच्छ आले, म्हणून दमा नाही असे ठरत नाही.

दुसरी पायरी औषधांची. औषधे दोन प्रकारची असतात. एक त्या क्षणी स्नायू सैल करून आराम देणारे, उदाहरणार्थ सालब्युटामॉल. दुसरे सूज आवरणारे नियंत्रक, म्हणजे बुडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. घरोघर होणारी चूक अशी, की पहिले हाताशी ठेवले जाते आणि दुसरे बरे वाटताच बंद होते. आग विझवण्याऐवजी केवळ धूर बाहेर काढत राहावे, तसे हे होते. म्हणूनच दम्यासाठीच्या ‘जिना’ या जागतिक पुढाकाराने २०१९ पासून किशोर व प्रौढांसाठी स्पष्ट सांगितले, की केवळ सालब्युटामॉलवर कोणालाही ठेवू नये. सोबत श्वासावाटे स्टिरॉइड असलेच पाहिजे.

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हा शेवटचा उपाय’, ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ या तीन समजुतींनी जितके नुकसान केले, तितके औषधांच्या किमतीनेही केले नसेल. येथे साधा हिशेब करावा. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या एक चमचा पातळ औषधात २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस फवाऱ्यांइतके! पातळ औषध आधी पोटात, मग रक्तात आणि शेवटी थोडेसे फुप्फुसांत जाते. वाटेत हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट हव्या त्या जागी जातो. म्हणजे ज्या इनहेलरला जोरदार औषध समजून टाळले जाते, तेच मात्रेने सर्वांत सौम्य असते. श्वासावाटे घेतलेल्या स्टिरॉइडची रोजची मात्राही मायक्रोग्रॅममध्येच असते. काही मुलांची उंची त्याने किंचित कमी भरू शकते, साधारण एखाद्या सेंटिमीटरने. हे डॉक्टर दडवीत नाहीत आणि म्हणूनच कमीत कमी पुरेशी मात्रा ठरवतात. परंतु न आवरलेला दमा वाढ, झोप, अभ्यास आणि प्रसंगी प्राण यांवर जो घाला घालतो, त्यापुढे हा दोष लहान आहे. सवय लागते ती नीट झोपण्याची!

इनहेलरच्या जन्माची कथा पालकांनी मुलांना अवश्य सांगावी. १९५५ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डबीत दम्याचे औषध का मिळू नये? तोवर काचेच्या नाजूक उपकरणातून औषध ओढावे लागे. पुढच्याच वर्षी मोजून मात्रा देणारा फवारा बाजारात आला. एका शाळकरी मुलीने आपला आजार लपवला नाही, उलट त्याविषयी प्रश्न विचारला, म्हणून आज जगभरातील दमेकऱ्यांच्या खिशात हे साधन आहे.

फवारा तोंडात थेट मारला तर औषधाचा बराच भाग घशातच राहतो. म्हणून मध्ये स्पेसर ही पोकळ नळी लावावी. ती परवडत नसेल, तर १९९९ मध्ये केपटाउनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली बुडाशी इनहेलरच्या तोंडाएवढे छिद्र पाडून, कडा नीट बंद करून वापरली, तर तीही मुलांमध्ये तेवढेच काम देते. नियंत्रक औषध घेतल्यावर चूळ भरावी. दर भेटीत डॉक्टरांसमोर इनहेलर वापरून दाखवावा. वर्षानुवर्षे तो चुकीचा वापरणारे रुग्ण कमी नाहीत.

घरातील व्यवस्थाही उपचाराचाच भाग आहे. पांघरुणे-चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी, भिंतीची ओल दुरुस्त करावी. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. गच्चीवर किंवा बाल्कनीत ओढली तरी धूर कपड्यांवर घरात येतोच. दरवर्षी फ्लूची लस घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे. केळी, दही, भात यांवर सरसकट बंदी घालण्याची गरज नसते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो असे दिसले, तरच तो वर्ज्य करावा.

अचानक अटॅक आल्यास काय करावे, हे घरातील प्रत्येकाला आणि वर्गशिक्षकांना ठाऊक असावे. मुलाला सरळ बसवावे, आडवे करू नये, भोवती गर्दी करू नये. सालब्युटामॉलचा एक फवारा स्पेसरमध्ये मारून मुलाला चार-सहा श्वास घेऊ द्यावेत. असे एकामागून एक चार फवारे द्यावेत. चार मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा चार. तरीही फरक नसेल, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गुंगीत जात असेल किंवा शिट्टीचा आवाज थांबूनही श्वासाची ओढ चालूच असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि वाटेत फवारे चालू ठेवावेत. छाती शांत झाली म्हणून निर्धास्त होणे ही येथे प्राणघातक चूक ठरू शकते.

हे सारे एखाद्या समाजाला साधते का? फिनलंडने १९९४ मध्ये दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यात औषधशास्त्रातील चमत्कार नव्हता. डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांना प्रशिक्षण, लवकर निदान आणि सुरुवातीपासून सूज आवरणारे औषध, एवढेच होते. दहा वर्षांत दम्यापायी रुग्णालयात घालवाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याहून खाली आली.

शाळेच्या वाट्याला यांतील मोठे काम येते. प्रवेशाच्या वेळी दम्याची नोंद घेणे, मुख्याध्यापकांच्या खोलीत इनहेलर व स्पेसर ठेवणे, मुलाला स्वतःचा इनहेलर दप्तरात बाळगू देणे, कचरा आणि पालापाचोळा मैदानात न जाळणे, खडूची धूळ ओल्या फडक्याने टिपणे ही कामे खर्चाची नाहीत. दमेकरी मुलाला कवायतीच्या तासाला सावलीत बसवून ठेवणे ही मात्र माया नव्हे. दमा ताब्यात असेल तर मुलाने खेळायलाच हवे. २००३ मध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयापासून दमा आहे. ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या जॅकी जॉयनर-कर्सी यांनाही होता.

साठ वर्षांत या शाळेच्या पटावर हजारो नावे चढली. शिट्टीचे प्रमाण शेकड्यात तीन धरले, तर त्यांत दमेकरी मुलांची संख्या शेकड्यांत जाते. त्यांतील कित्येकांना वार्षिक स्नेहसंमेलनात नाटकाबाहेर आणि क्रीडादिनी रेषेबाहेर बसावे लागले असेल, आणि त्याचे खरे कारण वर्गाला कधी कळले नसेल. आज त्यांचीच मुले पुण्यात, कोल्हापुरात किंवा या न्यू टाउनमध्ये शाळेत जातात. त्या मुलांपैकी एखादे पहाटे उठून बसत असेल, तर घरच्यांनी खोकल्याची आणखी एक बाटली आणू नये. आजाराचे नाव घ्यावे, तपासणी करावी आणि औषध रोज द्यावे. पुढच्या क्रीडादिनी ते मूल रेषेच्या आत उभे असेल.